खाल्लेला शब्द

सोसायटीतल्या अमराठी बायकांशी बोलता यावं म्हणून कल्पनाताई मारतहळ्ळीला मुलाकडे आल्यापासून सुनेकडून इंग्रजी शिकत होत्या. “आई, ‘ॲट’, ‘ऑन’ असले छोटे शब्द खाऊ नका हो, अख्खा अर्थ बदलतो,” प्रांजली रोज टोकायची.

पण गेला आठवडाभर शिकवणी बंद होती. मुलगा आणि सून एकमेकांशी धड बोलत नव्हते आणि कल्पनाताईंच्या जिवाला नुसता घोर लागला होता.

आज ईशान बाल्कनीत येरझाऱ्या घालत मित्राशी फोनवर बोलत होता, आईला कळू नये म्हणून इंग्रजीत. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि तशाच स्वयंपाकघरात धावल्या.

“अगं, उगीच तोंड पाडून बसलीस! तो मित्राला तुझ्याबद्दलच सांगतोय, ‘आय लव्ह्ड हर फर्स्ट.’ म्हणजे सगळ्यांत आधी तूच की गं!”

प्रांजलीने गॅस बंद केला.

“आई, नीट आठवा. नुसतं ‘फर्स्ट’ म्हणाला, की ‘ॲट फर्स्ट’?”

कल्पनाताईंनी जीभ चावली.

“अगंबाई, ‘ॲट’ होतं की! परत खाल्लं बघ मी.”