अकरा ग्राहक

चिन्मयी शहरातल्या बेसा भागातल्या एका कंपनीत वेबवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी ड्रायव्हर, म्हणजे बाहेरच्या सेवा तिला जोडून देणारे छोटे प्रोग्रॅम, लिहायची. फोटो साठवणारी एक जुनी सेवा महिनाअखेर बंद होणार होती. त्या सेवेचा ड्रायव्हर त्याआधी झाला, तर लोकांना आपले फोटो काढून घेता आले असते.

"आपले अकराच ग्राहक आहेत तिच्यावर," तिचे वरिष्ठ मुकुंद सर म्हणाले. "त्यांच्यासाठी काहून जीव काढून राहिली वं? राहू दे."

तिने दोन रविवार घालून तो लिहिलाच. सुरू होताच पहिलं लॉगिन मुकुंद सरांचं आलं. ती केबिनमध्ये गेली.

"सर, सांगायचं न."

"माह्यासाठी कर, असं कसं म्हणू?"

त्यांच्या स्क्रीनवर एका जुन्या फोटोत शाळेच्या गणवेशातली मुलगी हसत होती. चिन्मयी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होती. सरांना कधीकाळी एक मुलगी होती, हे तिला माहीत नव्हतं.