कुमुदला विचारा

“काकू, ओठ हलतायत तुमचे. मागून चाली कोण सांगतंय?”

क्लबचे सर मोबाइलमधून ओरडले. संघाची निवड चालू होती, आणि वजिरावर ठेवलेलं माझं बोट तिथंच थबकलं.

“कोणी नाही हो. विठ्ठलाचं नाव घेते. म्हणजे हात घाई करत नाही. कुमुदला विचारा.”

ऑनलाइन बुद्धिबळ शिकायला आम्ही दोघी बरोबरच लागलो. रोज दुपारी फोनवर जोडीनं डाव सोडवायचो. चाल सुचेपर्यंत नाम घ्यायची सवय तिला मीच लावली. कीर्तनातही ती माझ्याच टाळीवर टाळी धरायची.

पडद्यावर कुमुद माझ्या शेजारच्याच चौकटीत होती.

“त्यांच्या घरात कोण बसलंय, मला इथून काय दिसणार, सर?” ती म्हणाली.

मला ‘अगं’ म्हणणारी माझी मैत्रीण एकदम ‘त्यांच्या’वर आली. संघातली माझी जागा तिला मिळाली.

रविवारी तिचा सामना बघत होते. तिच्या राजाला शह बसला. कुमुदनं डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले. सर काही बोलले नाहीत.

मीच बोलले. आयुष्यात पहिल्यांदा विठ्ठलाला सांगितलं, “तिचं ऐकू नकोस.”