खिशाचं अस्तर

सुर्ल्याच्या बंद खाणीतल्या पाण्यातून काढलेलं प्रेत चेहऱ्यावरून ओळखता येण्यासारखं नव्हतं. म्हणून पोलिसाने कृष्णनाथपुढे प्रेताच्या अंगावरची जीन्स ठेवली. कंपनी तीच, रंग तोच. "ह्या डुप्लिकेटवर मिरवतोस रे भिकारड्या?" असं कृष्णनाथने हिणवलं, म्हणून त्याचा मुलगा रुद्रेश अशीच जीन्स घालून घर सोडून गेला होता. बापांना तोंड आवरत नाही. कृष्णनाथ मटकन खाली बसला.

सोबत आलेली मुलगी तनया म्हापशाला कपड्यांच्या दुकानात कामाला. तिने रडत रडत जीन्सचा खिसा बाहेर ओढला.

"बाबा, पळय, हा खिसा बघ! दादाच्या जीन्सने पहिल्याच धुण्यात रंग सोडला, आतले खिसे निळे झाले. हा पाण्यात पडूनही निळा झाला नाही. चेनीवरसुद्धा कंपनीचं नाव आहे."

"म्हणजे?"

"ही ओरिजिनल. दादाची नव्हे!"

कृष्णनाथ हसत, रडत, पोरीला धरून बाहेर आला. बाकावर दुसरा एक बाप बसला होता. त्याचाही मुलगा घरी आला नव्हता.

"तुमचो?" त्याने विचारलं.

"न्हय! देव पावलो, आमचो न्हय!"

तो माणूस भिंतीला धरून उठला.