तुळशीच्या कुंडीतला दगड

"ठेव तो दगड!"

पूजाचे हात कुंडीवरच थबकले. आईचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. पार्वती हातातली परात तशीच टाकून गॅलरीत आली आणि लेकीच्या हातून दगड काढून घेऊन तिने तो पुन्हा तुळशीच्या बुडाशी टेकवला.

"मम्मी, पथ्थरच छे ने!" पूजा हसत म्हणाली. सुरतजवळच्या उधन्यात जन्मलेली मुलगी, चिडली किंवा हसली की गुजरातीत शिरायची.

"असू दे. दुसरा पाह्य."

दुसरा मिळणार नव्हता, हीच तर अडचण होती. पूजा बडोद्याला भूशास्त्र शिकत होती. वैनगंगेच्या खोऱ्यातले जुने खडक हा तिचा विषय. त्या भागात फिरून तिने नमुने गोळा केले होते, पण स्वतःच्या गावचा एकही तिच्याकडे नव्हता. भंडारा जिल्ह्यातलं त्यांचं मोहटोला धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा ती पहिलीत होती. गावामागची टेकडीही पाण्यातच होती. त्या टेकडीचा, बाप सांगायचा तशा राखाडी-गुलाबी पट्ट्यांचा एकच तुकडा तिच्या माहितीत होता, आणि तो या कुंडीत होता.

गावाची आठवण काढायची ती बापाने, लक्ष्मणने. कापडाच्या लूमवरून आला की जेवताना तो गाव सांगायचा. मोहफुलांचा वास, मारुतीच्या पारावर रंगणारी दंडारीची नाचगाणी, नदीतल्या वाळूवर पिकणारी टरबुजं. पार्वती पोळ्या लाटत ऐकून घ्यायची, स्वतः कधी बोलायची नाही. "हिले काही आठवतच नाही बापा," तो लेकीला सांगायचा. गाव बुडायच्या आधी दोघं शेवटचं सामान आणायला गेले, तेव्हा त्याने वडिलांचा पाट, मुसळ, दाराची कडी, जे हाताला लागेल ते बांधून आणलं. पार्वतीने एवढा दगड आणला. पुढे चाळीतली खोली सोडून इकडे आले, तेव्हाही रिक्षात तो तिच्या मांडीवर होता. त्याला वाटायचं, देव म्हणून आणला असेल. रोज सकाळी तुळशीचं पाणी त्याच्यावर पडायचं.

"देऊन टाक ना व," आता तो आतून म्हणाला. "पोरीच्या शिक्षणाचं आहे."

पार्वतीने पदराला हात पुसले. ती पूजाशेजारी येऊन बसली.

"काय करशील त्याचं?"

पूजा जरा घुटमळली. "फोडावा लागेल. मग भुगा करून धुवायचा. त्यातून झिरकॉनचे कण निघतात, वाळूहून बारीक."

"ते नकली हिऱ्याचे खडे राहतात, ते?"

"नाही, ते कारखान्यात बनवतात. हा खराखुरा. पृथ्वीच्या पोटातला रस थिजून पहिल्यांदा खडक झाला ना, तेव्हाच हा कण त्यात तयार झाला. अडीचशे कोटी वर्षं झाली असतील. त्यानंतर तो खडक जमिनीत खोल गेला, दाबला गेला, भाजला, त्याचं रूपच पालटलं. हे पट्टे दिसतात ना, ते त्यामुळेच."

"अन् कण?"

"कण राहिला."

"एवढ्या आगीत?"

"हो. वरून नवे थर चढतात त्याच्यावर, पण आतला गाभा बहुतेक वेळा पहिलाच राहतो. त्याच्यावरून तर आम्ही वय काढतो."

पार्वतीने दगडावरची माती बोटाने झटकली. मग उठून तिने परात उचलली आणि कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा बडोद्याला निघाली. लक्ष्मण चहा पीत बसला होता. पार्वतीने दगड स्वच्छ धुतला, पदराने पुसला आणि लेकीच्या पुढ्यात ठेवला.

"घेऊन जा."

"खरंच?" पूजाने लगबगीने सॅकमधून कापडी पिशवी काढली. दगड आत घातला, पेनाचं टोपण उघडलं.

"काय लिहितेस?"

"नमुन्याचं नाव. सापडला त्या जागेचं लिहितो आम्ही. मोहटोला."

"सगुणा लिही."

"सगुणा? हे कुणाचं नाव?"

लक्ष्मण कप तोंडाशी नेतानेता थांबला. पार्वती त्याच्याकडे न बघता बोलत होती.

"पाणी चढणार म्हणून समजलं, तं मी नदीकाठी गेली होती. तिले पुरलं त्या मातीवर हाच होता. ती तं काही हाती लागणार नव्हती. मंग हाच घेतला. तिले पाण्याखाली एकटी टाकून कशी येऊ?"

लक्ष्मणने कप खाली ठेवला. उठला, पिशवीतून दगड बाहेर काढला आणि दोन्ही हातांत धरला. टेकडीवरून तो त्यानेच आणला होता, त्यानेच त्या ओल्या मातीवर ठेवला होता. इतकी वर्षं तो त्याच्यासमोर होता.

पूजाच्या हातातलं पेन खाली आलं. "मी नाही नेणार. नाही फोडणार मी हा."

"नेजो," पार्वती म्हणाली. "आतलं राहते, म्हणलं ना तू? पाहून सांगजो मले. लिही."

पूजाने लिहिलं. पेनाचं टोपण लावलं. मग तिने बापाकडे पाहिलं.

"तुझी मोठी बहीण," लक्ष्मण म्हणाला. "गेली तवा नुकतीच रांगाले लागली होती."