कट आणि ब्लॉक

नगराध्यक्षाबाईंची सगळी कारकीर्द एका धड्यावर उभी होती. वॉर्डातल्या आजीबाईंना मोबाइल शिकवता शिकवता त्या नगरसेविका झाल्या, मग नगराध्यक्षा. पण शनिवारचा वर्ग काही सुटला नाही. "बक्षीस लागलंय म्हणून अनोळखी माणसाचा फोन आला, की बोलत बसायचं नाही. कट करायचा आणि ब्लॉक करायचा!" हे त्या घसा कोरडा करून सांगत.

एकदा वर्ग ऐन रंगात असताना त्यांचाच फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, अभिनंदन! डिजिटल साक्षरतेचा यंदाचा पुरस्कार तुम्हाला जाहीर झालाय. फक्त ओळखपत्राचा फोटो तेवढा लगेच पाठवा."

"बघा! मेला मलाच टोपी घालायला निघालाय," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी फोन कट केला, नंबर ब्लॉक केला. आजीबाईंनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पुढे कितीही प्रयत्न केले तरी बाईंचा फोन लागेना, म्हणून तो पुरस्कार शेजारच्या शहराच्या नगराध्यक्षांना दिला गेला.



सत्काराला उत्तर देताना ते प्रांजळपणे म्हणाले, "फोन मलाही खोटाच वाटला होता हो, पण तो कट कुठून करतात, तेच मेलं सापडेना!"