सुट्टीच्या दिवशीचं गिऱ्हाईक

केशकर्तनालयाला आज सुट्टी होती. तरी बापाने शटर अर्धं वर केलं, आणि वाकून आत शिरलेल्या भिंगरीला मधल्या मोठ्या खुर्चीवर बसू दिलं. बसवलं नाही, बसू दिलं. या पाच वर्षांच्या लेकीला कुणी उचलून बसवलं की दिवसाचं वाटोळं होतं, हे नवरा-बायकोला आता तोंडपाठ झालं होतं.

खुर्ची फिरते म्हणून ती इथे खुशीत असे. आरशाखालच्या फळीला पायाने रेटा द्यायचा, एक गिरकी घ्यायची, पुन्हा रेटा. भिंगरी हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. डॉक्टरांनी तिच्यासाठी दुसरा शब्द सांगितला होता, स्वमग्न. तो शब्द घरात फारसा कुणी वापरत नसे.

तिच्या मानेवर केसांचा गुंता झाला होता. कंगवा शिरेना, तेल मुरेना, असा चपटा गठ्ठा. शाळेच्या बाईंनी काल फाटकातच आईला गाठून सांगितलं होतं, "केस नीट करा, मगच पाठवा. बाकीचे पालक कुरकुर करतात हो." बाई वाईट नव्हत्या. सगळ्या शाळांचे उंबरठे झिजवून झाल्यावर याच बाईंनी भिंगरीला वर्गात घेतलं होतं, त्यामुळे त्यांना उलटून बोलायची सोय नव्हती.

"सगळ्या जगाची डोकी भादरता," आई गिऱ्हाइकांच्या बाकावर बसत म्हणाली, "आणि घरातलं एवढंसं डोकं तेवढं राहून जातं."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खोच मारायलाही अंगात थोडं बळ लागतं. बाप नुसता हसला आणि त्याने खणातून कात्री काढली.

केस कापणाऱ्यांचा हात मोकळा असला तरी कात्री हवेत कचकच करत राहते, ही या धंद्यातली खोडच. भिंगरीला तो आवाज सोसत नाही म्हणून बापाने ती खोड मोडली होती. आता त्याची कात्री गिऱ्हाइकांच्या डोक्यावरही मुकी चाले, आणि जुनी माणसं विचारत, "काय हो, तब्येत बरी नाही का?"

पण आज कात्री नुसती दिसली आणि भिंगरीने दोन्ही कान दाबून धरले. तिच्या घशातून नेहमीचा तो बारीक, एकसुरी आवाज सुरू झाला. बापाने कात्री खाली ठेवली. आवाज थांबला. त्याने उचलली. पुन्हा आवाज.

"मी हात धरते," आई म्हणाली. "तुम्ही कापून टाका एकदाचे."

"नको."

"मग काय करायचं?"

मागे एकदा दोघांनी ठरवून, ती गाढ झोपलेली असताना, तिचे केस कापायला घेतले होते. नखं आई अशीच कापायची, भिंगरीला पत्ताही लागत नसे. केसांच्या वेळी मात्र तिने डोळे उघडले, तर अगदी नाकासमोर बापाचा हात आणि हातात कात्री. तेव्हापासून बाप खोलीत असला की ती झोपत नाही. भिंतीला पाठ लावून, डोळे ताणून त्याच्याकडे बघत बसते. म्हणून बाप बाहेरच्या खोलीत झोपतो, आणि आत आई एकटी रात्र काढते.

खुर्ची फिरत राहिली. गिरक्या हळूहळू मंदावल्या, फळीवरचा पाय घसरला आणि लोंबत राहिला. भिंगरीची मान खुर्चीच्या उशीवर एका बाजूला कलली, गठ्ठा बरोबर बापाच्या बाजूला आला.

आई बाकावरून निम्मी उठली. "अहो," ती कुजबुजली, "झोपली. कापा आता, पटकन."

बापाने कात्री उचलली. त्याच्या सरावलेल्या हाताला दोन कापांचं काम. मग त्याने ती खणात टाकली आणि खण बंद केला.

"अहो, उद्या शाळा आहे."

"नाही पाठवायची."

"आणि माझी रजा? आता घरी बसलीस तर येऊच नकोस म्हणालाय सुपरवायझर."

"मी दुकान बंद ठेवतो."

"किती दिवस ठेवाल?"

"अगं, ती झोपलीय."

"दिसतंय मला."

"मी इथे उभा आहे," बाप म्हणाला, "आणि ती झोपलीय."

आईला रडू आलं, पण रडायचासुद्धा कंटाळा आला होता. तिने बाकावरची वर्तमानपत्रं बाजूला सारली, पाय वर घेतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

शटरखालून कुणीतरी डोकं आत घातलं. "दाढी होईल का?"

बापाने ओठांवर बोट ठेवलं. डोकं मागे गेलं.

"बसा तरी आता," आई अर्धवट झोपेत पुटपुटली.

तो बसला नाही. खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला, आणि डोळे उघडल्यावर तिला आधी तेच दिसावेत म्हणून त्याने आपले दोन्ही हात, रिकामे, पुढे धरून ठेवले.