दुसऱ्या कंपनीचं मशीन

ऐकण्याच्या मशीनची चकती उन्नतीच्या कानामागे चिकटली, तशी सुजाताने बेबीताईचं मनगट घट्ट धरलं.

"लागली! बेबीताई, लागली वो!"

"लोहचुंबक हाय तो बाई. फ्रिजलेही लागन," बेबीताई म्हणाली. पण श्वास तिनेही रोखलेला होता. मशीन तिच्या लेकीचं, दीक्षाचं, जुनं, कपाटात पडलेलं. तेच मागायला सुजाता लेकीला घेऊन चरोद्याहून दोन ऑटो बदलत रिसालीत आली होती.

आठ वर्षांच्या उन्नतीच्या डोक्यात ऑपरेशन करून बसवलेला भाग ठणठणीत होता. बंद पडलं होतं ते कानामागचं मशीन, आणि कंपनीने ते मॉडेलच बाजारातून काढून टाकलेलं. एकोणीस दिवस पोरीच्या कानावर शब्द नव्हता. दीक्षाचं मशीन दुसऱ्या कंपनीचं, हे सुजाताला ठाऊक होतं. तरी आली.

मशीनवरचा दिवा लालच राहिला, हिरवा होईना. सुजाताने तो अंगठ्याने पुसून पाहिला. मग कंपनीच्या माणसाला पुन्हा फोन लावला.

"मॅडम, दूसरी कंपनी का नहीं चलेगा. हर एक का अपना सिस्टम है. अभी कॉम्पिटिशन है ना. मार्केट में जिसका टिकेगा, आगे सब वही रखेंगे."

"और तब तक? लड़की का सिर बदल के लाऊँ क्या?"

तिकडून फोन ठेवला गेला.

"एकाच हप्त्यात, एकाच डॉक्टरनं केलं दोघीचं ऑपरेशन," बेबीताई पुटपुटली. "तवा कोनं सांगतलं आपल्याले, का डब्यावरचं नाव जन्मभराचं हाय म्हून?"

उन्नती दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. आईचे डोळे भरलेले दिसले, तशी एकदम हसली.

"आई, ऐकू येऊन राहिलं मले!" गरजेपेक्षा मोठ्यानं.

सुजाता तिच्यासमोर उकिडवी बसली. शाळेतल्या बाई अशीच परीक्षा घेत. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे हात धरायचा आणि नाव घ्यायचं. तिने हात धरला. हाक मारायची होती, पण आवाजच फुटेना. नुसतीच बसून राहिली.

"ऐकलं ना मी," उन्नती म्हणाली. "उन्नती म्हनलं तू."